लाखीचा खडा

मुलांनो, एक गंमत करून पाहा. सुई-दोरा घ्या, एक डोळा घट्ट मिटा आणि दोरा ओवा. दोरा सुईच्या शेजारून जाईल, पुन्हा जाईल, कारण सुई किती लांब आहे हे एकट्या डोळ्याला कळत नाही. आता अशी कल्पना करा, की ती सुई तुमच्या बोटांत नाहीच. ती गांडुळासारख्या बारीक, वळवळत्या नळीच्या टोकाशी आहे, नळी एका माणसाच्या पोटात आहे, आणि तुम्ही माणसाकडे न बघता समोरच्या पडद्याकडे बघता आहात. आत पाणी आहे. गुलाबी भिंती आहेत. श्वासाबरोबर त्या भिंती वर-खाली होताहेत, रवंथ करत बसलेल्या गाईच्या कुशीसारख्या. हात अवघडला? मान दुखली? मग तुम्हाला डॉक्टर तोरल डांगरची गोष्ट सांगायला हरकत नाही. ती हे काम शिकत होती, आणि त्यात असताना तिला जितकं बरं वाटे तितकं दिवसभरात दुसरं काहीही करताना वाटत नसे.

त्या दिवशीही बरंच वाटत होतं. ऑपरेशन थिएटरला लागून चहाची छोटी खोली होती, तिथे तोरल भिंतीला पाठ टेकून बसली होती आणि रकाबीतल्या चहावर फुंकर घालत होती. समोर हसुमतीबेन होत्या, थिएटरमधल्या सगळ्यांत जुन्या सिस्टर. त्यांनी ट्रे पुसता पुसता त्यातली एक बाटली उचलली आणि उजेडाकडे धरली.

"बेन, ही कोरीच परत आली. त्या भरवाडाच्या पोरीची ना?"

अंगठ्याएवढी काचेची बाटली. तिच्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तोरलच्याच अक्षरात 'लाखी'. सकाळी तिनेच ती ट्रेमध्ये नीट, हाताशी लागेल अशी ठेवली होती. तोरलने रकाबी खाली ठेवली. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं तिला झालं.

आज तिची पहिली शस्त्रक्रिया होती. म्हणजे तिच्या एकटीची. गुजरातेतल्या चरोतरातल्या या गावात, मूत्रपिंडाच्या या मोठ्या इस्पितळात, टाका न घालता दुर्बिणीने खडे काढण्याची विद्या शिकायला ती एका वर्षाच्या फेलोशिपवर आली होती, आणि इतके महिने मजमुदारसाहेबांच्या उजव्या खांद्यामागे उभी होती. पाण्याची पिशवी धर, नळी धर, साहेबांना फोन आला की दुर्बीण हलू न देता धर. बरोबरचे दोघे फेलो पुरुष होते. ते साहेबांबरोबर कपडे बदलायच्या खोलीत जात, आणि उद्या कोण काय करणार हे तिथे, बुटांवर प्लास्टिक चढवता चढवता ठरे. तोरल सिस्टरांच्या खोलीत कपडे बदले. तिथे मुलींच्या परीक्षा आणि उंधियूत रताळं किती घालायचं यावर बोलणं चाले आणि तिला पाहिलं की थोडं थांबे. त्यामुळे लाखीची केस तिला मिळाली हे तिला सगळ्यांच्या शेवटी कळलं, जिन्यात, साहेब उतरताना आणि ती चढताना. "उद्याची पोर तुझी," ते म्हणाले. "आणि एक सांगतो, खडा धरायची तारेची टोपली घालायची नाही. पोरीची मूत्रनळी बारीक आहे, खडे ओढत बसलीस तर सोलशील. पूड कर. शेवटच्या कणापर्यंत पूड."

आणि तिने पूड केली होती. पडद्यावर खडा पहिल्यांदा दिसला तेव्हा तो मधाच्या रंगाचा होता, एका बाजूने खडबडीत, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत, गुलाबी गुहेत एकटाच बसलेला. लेझरचा तंतू तिने त्याच्यापासून केसभर लांब धरला आणि पेडलवरचा पाय दाबला. खड्यातून धूर निघाल्यासारखी पूड निघू लागली. थोड्या वेळाने सबंध गुहेत पांढरं पांढरं भुरभुरत होतं, आणि त्यात ती एकटीच होती, आणि तिला कुणाशी काही बोलायचं नव्हतं, काही सिद्ध करायचं नव्हतं. तोरलला त्या वेळी फक्त आपला डावा अंगठा माहीत होता, ज्याने नळी वळत होती. मागे साहेब हाताची घडी घालून उभे होते. शेवटी मुगाएवढा एक तुकडा उरला. तो पाण्यात गिरक्या घेत होता. एवढा एक काढून घ्यायचा असं तिने आदल्या दिवशी मनाशी पक्कं केलं होतं. एका तुकड्यापुरती टोपली घालू का, असं साहेबांना विचारायचं, ते नाही म्हणणार नाहीत. तुकडा फिरत फिरत तंतूच्या समोर आला. अगदी समोर. तिने पाय दाबला.

"वाह," साहेब म्हणाले. इतक्या महिन्यांत त्यांनी हा शब्द तिच्यासाठी पहिल्यांदा वापरला होता. आणि तो ऐकण्यासाठीच आपण पाय दाबला, हे आता, चहाच्या खोलीत, बाटली उजेडात धरलेली असताना, तोरलच्या लक्षात आलं. ती विसरली नव्हती. विसरली असती तर बरं झालं असतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती वॉर्डात लाखीला तपासायला गेली होती. नऊ वर्षांची, बकऱ्या राखणाऱ्या भरवाडांची पोर, हातावर गोंदण, नाकात चमकी, खाटेवर गादी असूनही मांडी घालून अगदी कडेला बसलेली. शेजारी तिची आजी राणीमा, काळ्या लोकरीच्या ओढणीत.

"तू काढणार?" लाखीने विचारलं. "तू तर बाई आहेस."

"बाईच काढणार."

"मोठ्ठा आहे?"

"बोराएवढा."

"मग मला दे. मला न्यायचाय."

"अगं, डॉक्टरबेनला 'तू' काय म्हणतेस?" राणीमा म्हणाली. "बेन, मनावर घेऊ नका. बकऱ्यांमागे वाढलेली, बोलायची रीत नाही."

पण लाखीने रीत सोडून सगळं सांगून टाकलं. त्यांचं गाव भाल नावाच्या मुलखात, खाऱ्या सपाट जमिनीवर, जिथे वेड्या बाभळीशिवाय आडोसा नाही. हिवाळ्यात ती बकऱ्या घेऊन गेली असताना पोटात अशी कळ आली, की ती बाभळीखाली गुडघे छातीशी घेऊन पडून राहिली. डोळे उघडले तेव्हा लांडग्याने दोन करडं नेली होती. घरी कुणाचा विश्वास बसला नाही. थोरला भाऊ भीखो म्हणाला, लाखी झोपली होती, आता पोटाचं नाटक करते. त्यानंतर जेव्हा जेव्हा दुखलं तेव्हा तेव्हा भीखो लांडग्यासारखा आवाज काढायचा आणि सगळे हसायचे. बाप हसायचा नाही. बाप तिच्याशी बोलायचाच नाही. शहरात सोनोग्राफी झाली, ते चित्र बापाने उन्हात धरून पाहिलं आणि म्हणाला, यात काय आहे, धुकं आहे नुसतं.

"खडा दाखवला की बोलेल," लाखी म्हणाली. "हातात दिला की झालं."

"देईन," तोरल म्हणाली होती. "बाटलीत घालून देईन."

चहाच्या खोलीत हसुमतीबेन बाटलीचं बूच लावून तिच्याकडे बघत होत्या. मग त्या उठल्या आणि कपाटाच्या मागच्या कप्प्यातून स्टीलची एक डबी घेऊन आल्या, सुपारीची असते तशी. आत खडे होते. काळे, पिवळे, काटेरी, एक तर चक्क गोट्यासारखा गोल.

"जुने आहेत. कापून काढायचे त्या काळातले," त्या म्हणाल्या. "लेझर आल्यापासून काढून ठेवलेत. माणूस पोट धरून येतो, घरदार मागे घेऊन येतो, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? आता तर अंगावर वळसुद्धा उठत नाही. देवळातून प्रसाद न घेता जातं का कुणी? घ्या, बोराएवढा घ्या. साहेबांना विचारू नका, त्यांना माहीत नाही आणि त्यांना कळतही नाही यातलं."

"कितीजणांना दिलेत?"

"मोजते का मी? सगळे खूश होऊन गेले. एक काका तर चांदीत मढवणार होते." हसुमतीबेन हसल्या आणि हसता हसता त्यांनीच एक मधाच्या रंगाचा खडा निवडून लाखीच्या बाटलीत टाकला. टण्ण असा आवाज झाला. तोरलने बाटली घेतली. नको म्हणण्याएवढा वेळ होता. तो तसाच गेला.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ती सहा वर्षांची असताना बापा, म्हणजे तिचे वडील, अमदावादहून आले होते, आडवे, भाड्याच्या गाडीतून, आणि महिनाभर सायकलचं दुकान बंद होतं. मग एक दिवस त्यांनी सदरा वर करून तिला दाखवलं. कमरेपासून बेंबीकडे गेलेला जांभळा लांब वण, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा. "आगगाडीचे रूळ," बापा म्हणाले. ती त्या रुळांवरून बोटाची गाडी न्यायची, राजुला ते महुवा, महुवा ते भावनगर, आणि बेंबीशी आली की बापा शिट्टी वाजवायचे. त्यांचा खडाही असाच औषधाच्या बाटलीत होता. पाहुणा आला की चहाच्या आधी बाटली यायची. बापा ती कानाशी हलवून दाखवत आणि म्हणत, "हा माझा थोरला मुलगा. पोटातून काढला." सगळे हसत. बा, तिची आई, दर वेळी लाजे. बापा गेले तेव्हा तोरल परीक्षेच्या गावी होती. दिवसकार्य झालं आणि मग खूप दिवसांनी एकदा तिने फोनवर भाभीला विचारलं, ती बाटली कुठे आहे गं? "कुठली? ती का, फळीवरची? चांगली होती, मी त्यात लवंगा ठेवल्यात," भाभी म्हणाली. आणि खडा? "अगं, खडाच होता ना तो. झाडून टाकला." यात भाभीची काही चूक नव्हती. लवंगा ठेवायला बाटली लागतेच. पण त्या दिवसापासून तोरलला असं वाटू लागलं होतं की बापा कुठेतरी असायचे थांबले ते फोन ठेवल्यावर. आणि आता, खिशातल्या बाटलीवर बोट ठेवून जिना उतरताना, एक नवीनच वाईट विचार आला: बापांचा तरी त्यांचाच होता का? अमदावादलाही असेलच कुणी हसुमतीबेन, सुपारीची डबी घेऊन बसलेली. मग वण? वण खरा होता. वणावरून तिचं बोट गेलं होतं. लाखीला मात्र तिने वणही ठेवला नव्हता. इतकं सफाईने काम केलं होतं, की तिथे कधी काही दुखलं होतं याची एक खूण उरली नव्हती.

दुपारी लाखी भुलीच्या गुंगीत होती. संध्याकाळी साहेब स्वतः बघून आले. तोरल खोलीवर गेली.

खोली म्हणजे एका बंद बंगल्याचा वरचा मजला. त्या गल्लीतले निम्मे बंगले बंद होते. माणसं न्यू जर्सीत, कुलपं इथे. मालकीणबाई वीणाबेन तिकडून फोन करत आणि विचारत, खालचे पडदे ओढलेत ना, तुळशीला पाणी घातलं ना, आणि मग तिला काही विचारायचं राहिलंय असं वाटून म्हणत, "आणि तू कशी आहेस, बेटा?" तोरल म्हणे, मजेत. तेवढ्यावर फोन संपे. आजही तिने पाणी घातलं. डबा उघडला, भाकरी-कढी खाल्ली, डबा धुतला. या खोलीत ती महिनोन् महिने राहत होती आणि भिंतीला एक खिळा मारला नव्हता. उद्या ती गेली तर वीणाबेनना झाडून घ्यायलाही काही सापडणार नाही. पूर्वी याचा तिला अभिमान वाटे. कुठे ओरखडा न काढता आत जावं, काम करावं, बाहेर यावं, विद्याच ती. मग आज तिला असं का वाटत होतं, की आपणही कुणाच्या तरी आत असेच गेलो आणि आलो, आणि कुणाला पत्ता लागला नाही? तिने बाटली खिशातून काढून खिडकीत ठेवली. नंतर उठून पुन्हा खिशात टाकली.

सकाळी ती वॉर्डात गेली तेव्हा लाखीची लघवीची नळी नुकतीच काढली होती आणि पाण्यावरून भांडण चाललं होतं. राणीमाच्या हातात तांब्या होता.

"पी गं, दोन घोट पी. डॉक्टर सांगतात पाणी पी, सिस्टर सांगते पाणी पी, तू काय उंटाच्या पोटची आहेस?"

"नाही पीत. इथलं पाणी गोड लागतं. मळमळतं."

"गोड आहे म्हणून पीत नाही! ऐकलंत बेन? आमच्याकडे खाऱ्या पाण्यासाठी बायका भांडतात." मग राणीमा खालच्या आवाजात म्हणाली, "रात्रभर वाट बघत होती तुमची."

लाखीने तळहात पुढे केला. मेंदीचा जुना डाग असलेला, मोठ्या माणसाच्या हातासारखा निबर तळहात. तोरलने त्यावर बाटली ठेवली. लाखीने ती कानाशी नेऊन हलवली, अगदी बापा हलवत तशी, आणि तिचं तोंड उजळलं. तिने बूच काढून खडा हातावर घेतला, उलटा केला, नखाने खरवडला.

"हा माझा ना?"

तोरल खाटेजवळ सरकली.

"माझ्याच पोटातला ना? गळ्यावर हात ठेवून सांग. मला भीख्यापुढे शपथ घ्यावी लागेल."

"नाही," तोरल म्हणाली. "तुझा नाही."

राणीमाचा तांब्या अर्ध्यात थांबला. तोरलने खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. सोपं करून नाही, होतं तसं. खडा होता. बोराएवढा होता, मधाच्या रंगाचा. प्रकाशाने त्याची पूड केली, कारण मोठे तुकडे ओढले तर आत ओरखडे पडतात. शेवटचा तुकडा मी तुझ्यासाठी ठेवू शकले असते. विचारायचं होतं साहेबांना. विचारलं नाही. त्याचीही पूड केली.

"का?"

"साहेब मागे उभे होते. मला वाटलं, ते छान म्हणतील."

"म्हणाले?"

"म्हणाले."

लाखीने भिंतीकडे मान वळवली. "मग हा कशाला आणलास?" ती भिंतीलाच म्हणाली.

"देऊन टाकला असतात तर काय बिघडलं असतं, बेन," राणीमा कुजबुजली. "पोरीला काय कळलं असतं? मी तिच्या बापाला सांगितलं असतं. आता काय सांगू?"

"टीव्हीवर दाखवते तिला," तोरल म्हणाली. "सगळं टिपलेलं आहे, खडा स्पष्ट दिसतो."

"टीव्हीवर काहीही दाखवतात," लाखी म्हणाली. "टीव्हीवर तर माकड उडतं."

बाहेर व्हरांड्यात साहेबांचा राउंड सुरू झाल्याचा आवाज आला. बुटांचा, आणि पाठोपाठ दोन्ही फेलोंच्या हसण्याचा. तोरलने उठायला हवं होतं. ती उठली नाही. तिला एवढंच कळत होतं, की आता उठून गेलं तर ही पोर आयुष्यभर त्या बाभळीखाली एकटी पडून राहील, आणि आपणही.

"पूड कुठे गेली?" लाखीने अचानक विचारलं. अजून भिंतीकडेच तोंड.

"बरीचशी पाण्याबरोबर वाहून गेली."

"सगळी?"

"सगळी नाही. थोडी आत आहे अजून. लघवीतून जाईल, रोज थोडी थोडी."

"आत्ता आहे? आत?"

"आहे."

लाखी वळली. डोळे बारीक करून तिने तोरलकडे पाहिलं, बाजारात बकरीच्या दाताकडे बघावं तसं. मग तिने तो परका खडा तोरलच्या हातात ठेवून दिला, बाटली मुठीत धरली आणि एका हाताने कंबर दाबत, पाय फाकवून चालत संडासाकडे गेली. राणीमा मागे धावली तर तिला दारातूनच परत पाठवलं. आली तेव्हा बाटली काठोकाठ भरलेली होती, फिकट गुलाबी, गढूळ. तोंडावर दुखल्याचं पाणी होतं, पण बाटली सरळ होती. ती तिने खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवली.

"कुणी हलवू नका," ती म्हणाली. "आमच्या तळ्याचं पाणीपण असंच येतं. ठेवून द्यायचं असतं."

मग त्या तिघी बसून राहिल्या. व्हरांड्यातून साहेबांचा आवाज आला, "डॉक्टर डांगर कुठे आहेत? चला!" तोरल म्हणाली, "आले," आणि जागची हलली नाही. बाटलीतलं पाणी वरून निवळत होतं. गुलाबी रंग तसाच राहिला, पण गढूळपणा खाली खाली जात होता, इतका हळू, की बघताना दिसू नये आणि नजर काढून पुन्हा टाकली की कळावं. साहेब दाराशी आले, खिडकीकडे पाहिलं, तोरलकडे पाहिलं, काहीतरी विचारणार होते. लाखीने त्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. ते खरोखरच गप्प झाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

उन्हात बाटलीच्या तळाशी एक रेघ उमटली होती. दळणाच्या पिठासारखी, नखाच्या कडेएवढी जाड. पिवळट. मधाच्या रंगाची म्हटली तर म्हणता आली असती.

राणीमाने पुढे वाकून पाहिलं, ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि म्हणाली, "हे होतं होय गं, पोरी?"

लाखी ती रेघ निरखत होती, आणि तिचा चेहरा अजून नाराज होता.

"एवढीशी भीख्याला दिसणार नाही," ती म्हणाली. "तू इथेच बस. बाटली राख." हे तोरलला होतं. तोरलने मान हलवली आणि कट्ट्यापाशी, बाटलीवर कुणाची सावली पडणार नाही अशी, सरकून बसली.

मग लाखीने आजीच्या हातातला तांब्या ओढून घेतला, दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि डोळे मिटून, मध्ये श्वासही न घेता, ते गोड पाणी घटाघटा पिऊन टाकलं; आणि रिकामा तांब्या राणीमापुढे धरला, पुन्हा भरायला.